तोंडाळ कास्मीराचं विरजण

“नाही देणार! माझ्या हातचं तापे माणसांच्या तोंडात जातं, कास्मीरा. सडक्या देठांवर ओतायला नाही करत मी ते!”

“माणसांच्या तोंडातून पुढे कुठं जातं, ते सांगू का, युक?”

“बघा! बघा हे तोंड! याच तोंडानं तुझं पहिलं विरजण सडलं.”

“तोंडानं विरजण सडतं होय? मग या गल्लीत एक भांडं धड राहिलं नसतं. जन्म गेला माझा इथं बोलण्यात.”

“एक भांडं नव्हतंच राहिलं धड. एमाकचं, आपल्या आईचं. आठवतंय ना?”

आणि कास्मीरा गप्प झाली. आमच्या गल्लीत हे क्वचित घडतं, म्हणून मी तांदूळ धुता धुता मान वर केली. समोरच्या ओट्यावरच्या दोघीतिघींनीही केली. सुलिका, म्हणजे कास्मीराची थोरली बहीण, तिची ‘युक’, कमरेवर हात ठेवून आपल्या उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागे आतल्या खोलीतून तापेचा तो गोडसर, जरा चढल्यासारखा वास येत होता. कसावाचे कंद उकडायचे, त्यांवर बुरशीची पूड भुरभुरायची, केळीच्या पानांत गुंडाळून मडक्यात घट्ट झाकून ठेवायचे, की तापे होतं. सुराबायात तापे करणाऱ्या बायका पुष्कळ, पण आमच्या भागात नाव सुलिकाचंच. त्याआधी तिच्या आईचं.

कास्मीरा उंबऱ्याखाली रिकामा वाडगा घेऊन उभी होती. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून हातांना घट्टे पडलेली, नवऱ्यामागे सायकलरिक्षाचं कर्ज फेडून मोकळी झालेली, अख्ख्या गल्लीची भांडणं सोडवणारी आणि त्याहून जास्त लावणारी बाई. सुराबायाची माणसं तशीही फटकळ. त्यातही लोक हिला फटकळ म्हणतात, यावरून समजा.

“वाडगाभरच मागतेय मी,” ती शेवटी म्हणाली.

“तोंड धुऊन ये आधी,” म्हणत सुलिकानं दार लावून घेतलं.

हे सगळं सुरू झालं भिशीत. गल्लीप्रमुखांची बायको एर्नावतीबाई, आमच्या भाषेत बू एर्नावती, हिनं पालिकेकडून घरटी एक टोपली आणली होती. जाळीची प्लास्टिकची टोपली, आपण धुवायचे कपडे ठेवतो तसली. तिच्यात आतून पुठ्ठा लावायचा, तळाशी भाताच्या तुसाची उशी ठेवायची, वर विरजण, आणि रोजचा स्वयंपाकघरातला ओला कचरा बारीक करून त्यात कालवायचा. विरजणातले जिवाणू तो खाऊन टाकतात आणि काही आठवड्यांत काळी भुसभुशीत माती हातात येते. गाडीवर कचरा नको, कालव्यात नको, माश्या नकोत. पालिकेची एक तरतरीत पोरगी येऊन करून दाखवून गेली. गूळपाण्यात कुस्करलेलं तापे आणि तेंपे, म्हणजे बुरशी धरवलेल्या सोयाबीनच्या वड्या, मिठाच्या पाण्यात फळांच्या साली, दोन्ही मुरू द्यायचं, मग तूस आणि कोंड्यात कालवायचं. विरजण तयार.

“पण सगळ्या गल्लीचं विरजण करणार कोण?” बू एर्नावतीनं विचारलं.

“मी,” कास्मीरा म्हणाली.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग हसू फुटलं.

“बू, तुम्ही? आंबवायचं काम? त्याला शांत माणूस लागतं!”

आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक. तापे करताना भांडायचं नाही, कुणाचं वाईट बोलायचं नाही, शक्यतो बोलायचंच नाही. सुलिका तर तापेच्या दिवशी धुतलेला सारोंग नेसून दार लावून बसते, पोराबाळांशी खुणांनी बोलते. रागावलेल्या बाईच्या हातचं तापे आंबट होतं, त्याला पाणी सुटतं.

आणि कास्मीराच्या नावावर तसं एक मडकं होतं. ती बारा-तेरा वर्षांची असताना आईला एका लग्नघरून मोठी मागणी आली होती. आई बाजारात गेलेली असताना दोघी बहिणी एका कंगव्यावरून कडाकडा भांडल्या. लग्नाच्या सकाळी मडकं उघडलं तर आत नुसता आंबूस चोथा. लग्नघरच्या बायका दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेल्या. आई कास्मीराकडे बघून म्हणाली, “हिचं तोंड मिरचीच्या कामाचं, तापेच्या नाही.” त्या दिवसापासून तापे असलं की कास्मीरानं घराबाहेर कालव्याच्या कडेला बसायचं. आई गेली तेव्हा मडकी, बाजारातला गाळा, सगळं सुलिकाकडे गेलं. कुणी वाटणीचं बोललं नाही. कास्मीरासुद्धा नाही. आपल्या तोंडानंच मडकं बिघडलं, हे तिला स्वतःलाही खरंच वाटत होतं.

म्हणून त्या भिशीत ती “मी” म्हणाली, तेव्हा हसण्यात मीही होते. पण मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याकडे तूस चाळण्याचा आवाज आला, तेव्हा माझं हसू जरा आवरलं.

पहिलं विरजण बिघडलं. साधं बिघडलं नाही, असं सडलं की बू एर्नावतीच्या घरी पाहुणे आलेले असताना त्यांनी विचारलं, “इथे जवळपास गटार फुटलंय का?” ज्या घरांनी ते आपापल्या टोपलीत घातलं होतं, तिथं अळ्या झाल्या. बू एर्नावती तशी सभ्य बाई. तिनं सभ्यपणेच सांगितलं, “पुढच्या भिशीपर्यंत बघू, बू कास्मीरा. नाहीतर टोपल्या परत देऊ. आंब्याखालची तुमची ती विरजणाची जागा मोटारसायकलींना होईल.”

तर आता दुसरं विरजण. आणि तापे मिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कास्मीरा मला म्हणाली, “चल बाजारात.” सुलिकाच्या गाळ्यापुढे बायकांची रांग होती. कास्मीरा रांगेत उभी राहिली. मी तिच्या मागे. पुढचं एकेक गिऱ्हाईक सरकत होतं तसतसा सुलिकाचा चेहरा आवळत होता.

“हं?” कास्मीराची पाळी आल्यावर सुलिका म्हणाली.

“तापे द्या, बू. वाडगाभर,” कास्मीरा अगदी परक्या बाईच्या आवाजात बोलली. “जरा मऊ बघून. म्हाताऱ्यांना खायचंय.”

“कोण म्हातारे?”

“घरातलेच आहेत. दात नाहीत त्यांना. पण खातात फार.”

मागच्या बायकांना काय चाललंय कळेना. सुलिकानं दात ओठ खाऊन वाडगा भरला. तिचाच वाडगा, कारण कास्मीरानं मुद्दाम आणला नव्हता. “वाडगा परत पाहिजे,” ती म्हणाली.

“येऊन घेऊन जा,” कास्मीरा म्हणाली आणि पैसे फळीवर ठेवले.

घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं. “ऐक. आजपासून विरजण पिकेपर्यंत माझं तोंड बंद. कुणी काही विचारलं तर तू बोलायचं.”

“मी काय बोलू?”

“मी जे बोलले असते ते.”

“ते मला नाही जमायचं, बू.”

“मग थोडं कमी वाईट बोल,” ती म्हणाली, आणि तिनं ओठ मिटले.

ते दिवस गल्लीला जड गेले. मासेवाला ओरडला, “ताजे बांगडे, बू कास्मीरा!” तिनं नेहमीसारखं “कधी मेलेत, परवा की तेरवा?” असं विचारलं नाही. नुसतं माशाच्या डोळ्यात बोट खुपसलं आणि भुवई उचलली. बिचाऱ्यानं आपण होऊनच भाव उतरवला. दोन जावांचं नळावरून भांडण जुंपलं, दोघी तिच्या दारात आल्या, ती दोघींकडे बघत राहिली. त्या इतक्या घाबरल्या की आपसातच मिटवून गेल्या. बू एर्नावती सूप घेऊन आली. “बरं नाहीये का त्यांना?” तिनं मला हळूच विचारलं. मी म्हणाले, “विरजण लागायचंय.” ती सूप ठेवून गेली.

इस्त्री करताना कास्मीराचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. शर्टाच्या कॉलरशी ती काय बोलत होती देव जाणे.

विरजण मात्र तिनं असं जपलं होतं की विचारू नका. पालिकेच्या पोरीनं जाळीच्या टोपलीत नुसतं फडकं टाकून ठेवायला सांगितलं होतं. ते कास्मीराला पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. “असं उघडं ठेवतात विरजण? आईनं शिकवलं नाही वाटतं पोरीला.” ती तापेवालीची मुलगी. पहिल्या खेपेसारखंच तिनं सगळं मिश्रण निळ्या पिंपात भरलं, वर केळीची पानं, पानांवर प्लास्टिक, त्यावर पिंपाचं झाकण, झाकणावर पाटा. तिच्या आईनं मडक्यावर ठेवला असता अगदी तसा. आणि एकदाही उघडून बघितलं नाही. अर्धवट पिकलेलं उघडायचं नसतं, हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

ठरलेल्या सकाळी तिनं मला बोलावलं. पाटा उतरवला. झाकण काढलं.

मी ओढणी नाकाला लावून मागे सरले.

आत काळा, चिकट, ओला लगदा. कास्मीरा बघत राहिली. मग इतक्या दिवसांचं मिटलेलं तोंड उघडलं. जे शब्द आले ते सुराबायातसुद्धा लोक मान खाली घालून ऐकतात.

“गप्प बसले मी!” ती पिंपावर ओरडत होती. “तुझ्यासाठी गप्प बसले! त्या मासेवाल्याला काही बोलले नाही! त्या दोन भवान्यांना काही बोलले नाही! आणि तू? तू सडतोस? निर्लज्जा!”

तिनं पिंप आंब्याखाली जुन्या कापडी फलकावर पालथं केलं. त्यावर कोरडं तूस ओतलं, चिखल आवरायला आपण राख टाकतो तसं, आणि फावडं घेऊन ते उलटंपालटं करायला लागली. एक फावडं, एक शिवी. दुपारभर. गल्लीतली माणसं कामं सोडून दारात येऊन बसली. किती दिवसांनी गल्ली पुन्हा गल्लीसारखी वाटत होती.

“बू, विरजणाच्या आईबापांनाही घेतलंत का?” कुणीतरी ओरडलं.

“तू थांब, तुझ्या आईबापांशी मी वेगळं बोलते!”

कचरागाडीवाला आला, त्यानं वाकून बघितलं. “हे ओलं नेणार नाही मी, बू. रस्ताभर गळेल. जरा वाळू द्या, परवाच्या फेरीत टाकू.” मग तिनं ढिगावर तागाची पोती टाकली आणि आत जाऊन कुणाशी न बोलता झोपली.

गाडीची फेरी यायच्या सकाळी तिनं माझं दार वाजवलं. हातात फावडं होतं, पण धरलेलं विसरल्यासारखं.

“इकडे ये.”

आंब्याखाली तिनं पोतं उचललं. ढिगावर पांढरी लव आली होती, ताज्या तेंप्यावर येते तशी. घाण वास नव्हता. तिनं माझा हात धरून सरळ ढिगात खुपसला. आत ऊब होती. चांगली, तापलेल्या अंगाची ऊब.

“वास घे.”

मी घेतला. गोडसर, जरा चढल्यासारखा. सुलिकाच्या उंबऱ्यातून येतो तोच.

“एमाकच्या आतल्या खोलीचा,” कास्मीरा म्हणाली. ती मातीतच बसली. रिकाम्या पिंपाकडे बघितलं, बाजूला पडलेल्या झाकणाकडे बघितलं. “याला हवा पाहिजे होती. मीच गळा दाबून ठेवला होता याचा. दोन्ही खेपेला.”

“म्हणजे तोंडाचं काही…”

“थांब. अजून खात्री करायचीय.”

ही बाई अशी. दुसरी कुणी असती तर तिथंच नाचली असती. तिनं ढिगाचे दोन वाटे केले. एक पुन्हा पिंपात, पानं, प्लास्टिक, झाकण, पाटा, सगळं सगळं. दुसरा जाळीच्या टोपलीत, वर फडकं, रोज हातानं उलटायचा. आणि दोघांच्या मध्ये स्टूल टाकून ती रोज संध्याकाळी बसायची आणि दोघांना सारखंच बोलायची. खरंच सारखं. पिंपाला एक शिवी जास्त गेली तर टोपलीकडे वळून ती भरून काढायची.

“तुझ्यावर माया नाही हं माझी,” टोपलीला म्हणायची. “फुगू नकोस.”

भिशीच्या दिवशी ती दोन्ही घेऊन बू एर्नावतीच्या ओसरीवर गेली. पिंप मी ढकलत नेलं. सुलिका आधीच आलेली होती, कोपऱ्यात तापेचं ताट मांडत होती.

“आधी हे,” कास्मीरा म्हणाली आणि पिंपाचं झाकण उचललं. बायका किंचाळत उठल्या. तिनं लगेच झाकण घट्ट बसवलं. “आता हे.” फडकं दूर केलं.

कुणी पुढे येईना. शेवटी बू एर्नावतीनं बाह्या सरसावल्या, हात टोपलीत घातला. थोडा वेळ तसाच ठेवला. “गरम आहे,” ती म्हणाली. मग वास घेतला, आणि कोपऱ्यातल्या तापेच्या ताटाकडे बघितलं, आणि परत टोपलीत. “बू कास्मीरा, आमच्या घरी आधी द्या.”

“रांगेत उभ्या राहा,” कास्मीरा म्हणाली.

मग एकच गलका. आमच्या टोपलीत किती घालायचं, अळ्या झालेलं आधी काढायचं का, आंब्याखालची जागा आता कुणी मागायची नाही. त्यात एक म्हातारी म्हणाली, “तोंड बंद ठेवलंत ना बू, त्याचंच फळ हे.”

“तोंड बंद ठेवलं तेव्हा सडलं, आजी. शिव्या घातल्या तेव्हा जगलं. दोघांनाही सारख्याच घातल्यात, विचारा हिला.” तिनं मला पुढे केलं. मी मान हलवली. “फरक झाकणाचा. बाकी कशाचा नाही.”

सगळ्या हसल्या. सुलिकाच्या हातातला चमचा ताटावर वाजला. तिनं तो उचलला आणि तापे वाढायला लागली. कास्मीराच्या बशीत वाढताना तिनं वर बघितलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी कास्मीराच्या मागच्या अंगणात घराघराचे वाटे करत होतो, तेव्हा सुलिका आली. “वाडगा न्यायला आले,” म्हणाली. वाडगा धुऊन पालथा ठेवलेला समोरच होता. ती घेईना. बाकावर टेकली.

“दमलीस का?” कास्मीरानं विचारलं.

“नाही.” मग टोपलीकडे बघत, “कचऱ्याचं वेगळं असतं, कास्मीरा. तापेला झाकण लागतंच.”

“लागतंच. मी कुठं नाही म्हणतेय?” ती तूस कालवत राहिली. “मला कधी शिकवलं नाही कुणी, म्हणून विचारते. पिकायच्या आत मडकं उघडलं, तर काय होतं त्याला?”

सुलिका जन्मभर हेच काम करत आलेली. उत्तर तिच्या जिभेवरच होतं. “हवा शिरते. मग पाणी सुटतं, आंबतं, चोथा होतो. एकदा उघडून बंद केलं तरीसुद्धा. म्हणून तर मी पोरांना आत…”

ती थांबली.

कास्मीराचे हात टोपलीतच थांबले.

“लग्नाच्या मडक्यासारखं,” ती म्हणाली.

सुलिका वाडग्याकडे बघत होती.

“युक, त्या दिवशी भांडण झाल्यावर मी रडत कालव्यावर गेले होते. अंधार पडेपर्यंत आलेच नव्हते. एमाक बाजारात होती.” ती ओरडत नव्हती. इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “घरात तू एकटीच होतीस, मडक्यापाशी. आणि तुला लहानपणी गोड दिसलं की राहवायचं नाही.”

सुलिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मी भांडत नाहीये. बघ, किती हळू बोलतेय. मला मडकी नकोत तुझी, गाळा नको. लोकांसमोरही काढणार नाही.” कास्मीरानं हात झटकले, उभी राहिली, आणि आता तिचा नेहमीचा आवाज परत आला, गल्लीच्या टोकाला जाईल असा. “पण उद्या तू कंद सोलायला बसशील, तेव्हा मी येणार आहे. आतल्या खोलीत. सोलायला बसणार आहे तुझ्या शेजारी. आणि मी बोलणार, युक. पोटभर बोलणार. भांडण सुचलं तर भांडणार. झाकणाला हात लावणार नाही. मग उघडू दोघी मिळून, पिकल्यावर, आणि बघू काय होतं ते. येऊ ना?”

सुलिका उठली. तिनं वाडगा उचलला, क्षणभर हातात धरला, परत बाकावर ठेवला. पायानं चपला चाचपल्या, एक सापडली, दुसरी बाकाखाली गेली होती. मी ती काढून दिली. तिनं माझ्याकडेही बघितलं नाही.

“युक, विचारतेय मी. येऊ?”

सुलिका मागच्या दारानं बाहेर पडली आणि गल्लीतून आपल्या घराकडे चालत गेली.